एथेलबाईंची चार तिकिटं

आपल्याकडं स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव कुणाचं टाकू?" मग तो ते छोटं मशीन घेऊन टरटर करत काठाला नाव कोरतो. लग्नाकार्यात भांडी इकडून तिकडं जातात, एकमेकींत मिसळतात. पण काठावरचं नाव वाचलं की भांडं बरोबर आपल्या घरी येतं. आज आम्ही ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहोत, त्यांच्या वस्तूवरही अशीच एक खूण होती. वस्तू मात्र भांडं नव्हती. नखाएवढी चार पोस्टाची तिकिटं होती. ती चोरीला गेली आणि त्यांच्या पाठीवरच्या आकड्यांची गोष्ट साठ वर्षं चालली.

बाईंचं नाव एथेल. जन्म १८९३चा, देश अमेरिका. त्यांचे वडील चार्ल्स बर्गस्ट्रेसर हे डाऊ जोन्स या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. आजही बातम्यांत शेअर बाजाराबद्दल बोलताना हे नाव येतं, तीच ही कंपनी. वॉल स्ट्रीट जर्नल हे वर्तमानपत्रही तिनंच १८८९ साली सुरू केलं. थोडक्यात काय, घरी पैसा होता. एथेलबाईंनी तो दागिन्यांत घालवला की नाही ते आम्हाला ठाऊक नाही, पण पोस्टाच्या तिकिटांत नक्की घातला.

कुणी म्हणेल, तिकिटं गोळा करणं हा पोरांचा खेळ. काड्यापेटीची चित्रं, बिल्ले, तशी तिकिटं. सुरुवात तशीच होते खरी. पण पुढं यात दोन तऱ्हा होतात. एक, मिळेल ते वहीत चिकटवणारे. दुसरे, एकच विषय धरून त्याच्या मुळाशी जाणारे. जगात तिकिटं इतकी निघालीत की सगळी गोळा करणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून जाणता संग्राहक एक वाट निवडतो. कुणी एका देशाची तिकिटं घेतो, कुणी फक्त पक्ष्यांची, कुणी छपाईत चुकलेली, कुणी नुसते पोस्टाचे शिक्के. एथेलबाईंच्या आवडीच्या वाटांपैकी एक होती विमानटपालाची. विमानानं पत्रं जायला लागली, त्या काळातली तिकिटं.

आणि इथं आपली मान जरा ताठ होते. जगात विमानानं सरकारी टपाल पहिल्यांदा नेलं गेलं ते आपल्या देशात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादला आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं सुमारे साडेसहा हजार पत्रांची थैली घेतली, यमुना ओलांडली आणि पलीकडं नैनीला उतरवली. जेमतेम दहा किलोमीटरचा प्रवास. त्या पत्रांवर त्यासाठी खास शिक्का मारला होता. विमानटपाल जमवणाऱ्यांना आज ती पाकिटं म्हणजे काळजाचा तुकडा वाटतात.

अमेरिकेत हीच सेवा १५ मे १९१८ला सुरू झाली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या तीन शहरांमध्ये. साधं पत्र तीन सेंटात जायचं, विमानाच्या पत्राला चोवीस सेंट. म्हणजे आठपट. त्यासाठी चोवीस सेंटांचं नवं तिकीट घाईघाईनं छापलं. त्याची चौकट लाल, आणि मधोमध निळ्या रंगात जेनी या जातीचं दोन मजली पंखांचं विमान.

आता चूक कशी झाली ते नीट समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथंच आहे. तिकिटं एकेक छापत नाहीत. एका मोठ्या पानावर शंभर तिकिटं छापतात आणि मग फाडण्यासाठी मध्ये भोकांच्या रांगा पाडतात. एकच रंग असेल तर पान यंत्रातून एकदाच जातं. दोन रंग असतील तर त्या काळात तेच पान पुन्हा यंत्रात घालावं लागायचं. ठशांनी साडी छापणाऱ्या कारागिराला विचारा. एक रंग देऊन झाला, कापड फिरलं आणि दुसरा ठसा उलट्या अंगानं बसला, तर काय होईल? तसंच झालं. एक पान दुसऱ्या खेपेला उलटं घातलं गेलं. चौकट सरळ राहिली आणि मधलं विमान डोक्यावर उभं राहिलं. शंभरच्या शंभर तिकिटांवर.

असंच एकदा आपल्याकडंही झालंय, तेही त्याच्या चौसष्ट वर्षं आधी. १८५४ साली कलकत्त्याला चार आण्यांचं तिकीट छापलं. त्यातही चौकट लाल आणि आत राणी व्हिक्टोरियाचं डोकं निळं. काही तिकिटांवर राणी खाली डोकं वर पाय झाली. ती फार थोडी उरलीत आणि भारतातल्या सगळ्यात मोलाच्या तिकिटांत धरली जातात. आपल्याला चूक लपवायची सवय. तिकिटवाल्यांच्या दुनियेत उलटं आहे, चुकलेला माल भाव खातो. पण तो क्वचितच बाहेर येतो म्हणून. छापखान्यात प्रत्येक पान तपासतात, चुकलेलं दिसलं की तिथंच नष्ट करतात. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६पासून देशाची तिकिटं छापतात, तिथलाही कारभार असाच कडक. नजर चुकवून एखादंच पान निसटतं.

अमेरिकेतलं ते पान असंच निसटलं. १४ मे १९१८ला, म्हणजे सेवा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनच्या एका पोस्टात विल्यम रोबी नावाचा कारकून चोवीस डॉलर देऊन शंभर तिकिटांचं पान घेऊन गेला. त्याला तिकिटांचा नाद होता, त्यामुळं चूक त्याच्या लगेच ध्यानात आली. सरकारी माणसं ते पान परत मागायला त्याच्या मागं लागली. त्यानं दिलं नाही. पैसे मोजून घेतलं होतं ना! आठवड्याच्या आत त्यानं ते यूजीन क्लाइन नावाच्या व्यापाऱ्याला पंधरा हजार डॉलरला विकलं. क्लाइननं वीस हजाराला कर्नल ग्रीनला. तसलं दुसरं पान बाहेर आल्याचं आजवर कळलेलं नाही.

हा कर्नल ग्रीन म्हणजे हेटी ग्रीन या बाईंचा मुलगा. हेटीबाई त्यांच्या काळात अमेरिकेतली सगळ्यात श्रीमंत बाई समजली जायची आणि चिक्कूपणाबद्दल तर त्याहून प्रसिद्ध. आई जमवून गेली, मुलगा उधळत राहिला. एक उलटं तिकीट त्यानं बायकोसाठी चक्क लॉकेटमध्ये बसवलं. असो. तो एक वेगळाच कार्यक्रम होईल.

आपल्या कामाची गोष्ट ही, की पान सुटं करायच्या आधी क्लाइननं प्रत्येक तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं बारीक आकडा घातला. एक ते शंभर. म्हणजे कुठलं तिकीट पानावर कुठं होतं, हे कायमचं कळावं. पहिलीच्या वर्गात भिंतीवर शंभरपर्यंतच्या अंकांचा तक्ता असतो, तो डोळ्यांपुढं आणा. दहा आडव्या ओळी, ओळीत दहा आकडे. त्यात ६५वर बोट ठेवा. शेजारी ६६. ६५च्या बरोबर खाली ७५, आणि ६६च्या खाली ७६. असा चार तिकिटांचा चौकोन १९३६ साली एथेलबाईंनी विकत घेतला, सोळा हजार डॉलर देऊन.

चार तिकिटं सुटी घेण्यापेक्षा जोडलेली का घेतात, असं तुम्ही विचाराल. एक तर पान फाडत गेलं की जोडलेले तुकडे कमी कमी होत जातात, म्हणून त्यांना मान जास्त. आणि दुसरं, जोडलेल्या तुकड्यावर छपाई कशी झाली ते वाचता येतं. ओळ कुठं सरकली, भोकं कुठं तिरपी पडली, रंग कुठं दाट बसला. जाणत्या संग्राहकाला तिकीट नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं. त्यासाठी तो भिंग वापरतो, भोकं मोजायची पट्टी वापरतो, आणि तिकिटाला बोट लावत नाही, चिमट्यानं उचलतो. बोटांचं तेल आणि घाम कागदाला डाग पाडतो. पापड उचलायला चिमटा लागतो, तो इथं चालणार नाही. याचा चिमटा सपाट टोकांचा, नाजूक असतो.

या छंदात बायका पहिल्यापासून आहेत, हेही सांगायला हवं. शे-दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अ‍ॅडिलेड फेंटन नावाच्या बाई तिकिटांवर जाणतेपणानं लिहायच्या, पण छापून यायचं ते हर्बर्ट कामोएन्स या पुरुषाच्या नावानं. एथेलबाईंच्या काळापर्यंत एवढं तरी झालं होतं, की बाई आपल्या नावानं संग्रह करू शकत होती, आपल्या नावानं प्रदर्शनात मांडू शकत होती. चौकोन घेतला तेव्हा त्या एथेल स्टुअर्ट होत्या. नंतरच्या लग्नानं एथेल मॅक्कॉय झाल्या. आडनाव बदललं, संग्रह त्यांचाच राहिला. तिकिटांच्या जगात आज तो चौकोन 'मॅक्कॉय चौकोन' म्हणूनच ओळखतात.

सप्टेंबर १९५५. व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक शहरात अमेरिकेतल्या तिकीटप्रेमींच्या मोठ्या संस्थेचं अधिवेशन भरलं होतं. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी तिचं नाव. एथेलबाईंनी चौकोन लोकांना बघायला म्हणून तिथं मांडायला दिला. तो तिथूनच चोरीला गेला. भर प्रदर्शनातून. कुणी नेला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

चोराची पंचाईत बघा. इतकी प्रसिद्ध चार तिकिटं एकत्र विकायला काढली असती, तर दुकानदारानंच पोलिसांना बोलावलं असतं. म्हणून चौकोन फाडला गेला. चार सुटी तिकिटं झाली. मागचे पेन्सिलीचे आकडे खोडले गेले, कडा बिघडवल्या गेल्या, म्हणजे ओळख पटू नये. आपल्या भांड्यावरचं नाव कानशीनं घासून काढावं तसं. पुढं बावीस वर्षं काही पत्ता नाही.

एथेलबाई साठी ओलांडून ऐंशीकडं गेल्या. एखादीनं म्हटलं असतं, गेलं ते गेलं. पण मालकी त्यांची होती आणि त्यांनी ती सोडली नाही. १९७७ साली पहिलं तिकीट सापडलं, ७५ नंबरचं. एफबीआय म्हणजे तिथली केंद्रीय तपास यंत्रणा. तिच्या मदतीनं ते हाती आलं. खोडाखोड केलेलं, मोडतोड झालेलं. पण होतं तेच.

इथं एक कायद्याची गोष्ट आहे, ती बाहेर जितकी खरी तितकीच आपल्याकडंही. चोराच्या हातून घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही. मधल्यानं पैसे मोजले असतील, त्याला चोरीचं ठाऊकही नसेल, तरी मूळ मालकाचा हक्क चोरीनं संपत नाही. फक्त वस्तू तीच आहे हे दाखवता आलं पाहिजे. पुरावा पाहिजे. आपल्यातल्या किती जणींकडं आपल्या दागिन्यांची पावती आहे? गळ्यातल्याचा जवळून काढलेला फोटो आहे? बचतगटाच्या शिलाई मशीनवरचा नंबर गटाच्या रजिस्टरला उतरवलाय का? गायी-म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा विम्याच्या कागदाशी जुळतो का, ते बघितलंय का? एथेलबाईंकडं पुरावा होता, कारण तिकिटांच्या या दुनियेत लोक नोंदी ठेवतात. कुठल्या नंबरचं तिकीट कधी कुणाकडं गेलं, केवढ्याला गेलं, ते कसं दिसतं, याची यादी आणि छायाचित्रं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात.

दोन वर्षांनी, १९७९ साली, एथेलबाईंनी एक काम केलं. आम्हाला विचाराल तर त्यांच्या सगळ्या संग्रहाहून ते मोठं. वय शहाऐंशी. तीन तिकिटं अजून बेपत्ता. त्यांनी चारही तिकिटांवरचा आपला हक्क अमेरिकन फिलाटेलिक रिसर्च लायब्ररी या ग्रंथालयाला लिहून दिला. म्हणजे जी वस्तू हातात नाही, तिचीही व्यवस्था करून ठेवली. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. हा कागद नसता तर काय झालं असतं? पुढं एखादं तिकीट सापडलं असतं तेव्हा ते कुणाचं यावरून वकिलांची घरं भरली असती. आपल्याकडं बाई गेल्यावर तिच्या पाटल्यांवरून सुना-लेकींत जे होतं, ते आपण बघतोच की. या बाईंनी डोळे उघडे असताना, सही करून, कुणाला काय जाईल ते ठरवलं. संस्थेनंही त्यांना मागाहून आपल्या सन्मानाच्या यादीत घेतलं.

झालंही तसंच. बाई गेल्यावर थोड्याच काळात ६५ नंबरचं दुसरं तिकीट सापडलं, तेही बिघडवलेलं. ते ग्रंथालयाला मिळालं. मग पुन्हा तीसेक वर्षं शांतता. उरलेली दोन शोधून देणाऱ्याला एका तिकीट-व्यापाऱ्यानं २०१४ साली दर तिकिटाला पन्नास हजार डॉलरचं बक्षीस लावलं. आणि २०१६च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलाव कंपनीकडं आयर्लंडहून एक तरुण तिकीट घेऊन आला. आजोबांच्या सामानातून मिळालेलं. त्याला या चोरीचा गंधही नव्हता. जाणकारांनी ते जुन्या छायाचित्राशी ताडून बघितलं. मागचा आकडा खोडला तरी छपाई खोडता येत नाही. विमान चौकटीत किती डावीकडं आहे, किती वर आहे, कुठल्या कडेला पांढरी जागा जास्त, हे प्रत्येक तिकिटाचं वेगळं. दोन बहिणींच्या हातची भाकरी सारखी दिसली तरी घरचा माणूस ओळखतोच, तसं. ते निघालं ७६ नंबरचं. त्या तरुणानं काही आढेवेढे घेतले नाहीत. जूनमध्ये तिकीट ग्रंथालयाच्या स्वाधीन केलं आणि बक्षीस घेतलं.

६६ नंबरचं अजून बेपत्ता आहे. त्याच पानातलं, पण न बिघडलेलं, ४९ नंबरचं तिकीट २०२३च्या लिलावात वीस लाख डॉलरला गेलं. आपल्या पैशात सोळा कोटींच्या वर. पोस्टाच्या खिडकीवर त्याची किंमत चोवीस सेंट होती.

आता हे आकडे ऐकून कुणी माळ्यावरची ट्रंक उघडायला धावेल, तर दोन शब्द. जुन्या नाण्याला, नोटेला, तिकिटाला लाखो रुपये देतो अशा जाहिराती मोबाईलवर येतात. आधी थोडी 'फी' भरा म्हणतात. ती भरली की माणूस गायब. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ साली लोकांना सावध केलंय, की आमचं नाव सांगून कुणी जुन्या नोटा-नाण्यांसाठी पैसे मागत असेल तर देऊ नका. खरा घेणारा आधी वस्तू बघतो, तुमच्याकडं पैसे मागत नाही. आणि सरळ सांगायचं तर आपल्या ट्रंकेतल्या बहुतेक तिकिटांची किंमत चार-दोन रुपयेच असते.

तरी छंद म्हणून हे काम आमच्या फार आवडीचं आहे, कारण सुरू करायला पैसा लागत नाही. गटानं मिळून एक विषय घ्यावा. समजा, तिकिटांवरच्या बायका. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर पहिली आली ती संत मीराबाई, १९५२ साली. १९५७ला झाशीची राणी. सावित्रीबाई फुल्यांचं तिकीट १० मार्च १९९८चं, आणि १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवणाऱ्या महर्षी कर्व्यांचं तिकीट १९५८ला त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघालं, ते हयात असताना! अशी एकेक तिकिटं मिळवायची, वहीत लावायची आणि शेजारी दोन ओळी लिहायच्या. शाळेतल्या पोरींना याहून सोपा इतिहास कुठून मिळणार?

मुलांसाठी आणखी एक. भारतीय टपाल खात्यानं २०१७ साली दीनदयाल स्पर्श नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या मुलामुलींसाठी, वर्षाला सहा हजार रुपये. त्यासाठी अभ्यासात गुण चांगले हवेत, आणि मूल शाळेच्या तिकीट-संग्रह मंडळात हवं किंवा त्याचं पोस्टात फिलाटेली खातं हवं. प्रश्नमंजुषा आणि तिकिटांवरचा एक प्रकल्प यातून निवड होते. यंदाचे अर्ज कधी, ते जिल्ह्याच्या मुख्य पोस्टात विचारावं. गावच्या पोस्टमास्तरांना आधी विचारलं तर ते वाट सांगतील.

पाकिटावरचं तिकीट काढायची रीत अशी. तिकिटाभोवतीचा कागद थोडी जागा सोडून कापायचा. गार पाण्यात वीसेक मिनिटं सोडायचा. तिकीट आपोआप सुटतं, ओढायचं नाही. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर पालथं घालून सावलीत वाळवायचं आणि मग जाड वहीत दाबून ठेवायचं. पण ही रीत नव्या, साध्या पाकिटांसाठी. पाकीट जुनं असेल, त्यावर पत्ता, शिक्का, तारीख सगळं धड असेल, तर ते कापूही नका आणि भिजवूही नका. जाणकार अख्ख्या पाकिटाला सुट्या तिकिटापेक्षा जास्त मोल देतात, कारण कुठून कुठं, कधी आणि किती पैशात ते गेलं, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. आजीच्या नावानं आलेलं पत्र असेल, तर आतल्या कागदासकट तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते.